वारा फिरल्यावरची उंची

तांडेल नव्या माणसाची परीक्षा पायांपासून सुरू करत. मी रडारच्या खोलीत पहिल्यांदा हजर झालो तेव्हा त्यांनी ना माझं नेमणुकीचं पत्र बघितलं, ना मार्क विचारले. चष्मा कपाळावर चढवून ते माझ्या चपलांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "रविवारी बूट घालून ये. मुलुंड स्टेशनच्या बाहेर, सकाळी सातला. डबा आण, पाणी आण, आणि घरी सांग, संध्याकाळी परत येईन म्हणून." विमानांना उंची सांगायचं काम शिकायला आलेल्या माणसाला मुलुंडला कशाला बोलावतात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी जोगेश्वरीचा. मुलुंडला तोवर एका लग्नापुरता गेलो होतो.

ते वर्सोव्याचे कोळी. बाप बोटीवरचा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य माणूस, त्यावरून खात्यात कुणीतरी यांना ते नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. तोंडावर आम्ही 'सर' म्हणायचो, पाठ वळली की तांडेल. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडत होतं. काळासावळा, रुंद पंजांचा माणूस, बुशशर्टाच्या खिशात दोन पेन्सिली. खोलीत वातानुकूलन एवढं कडक की आम्ही एप्रिलमध्ये स्वेटर घालायचो, पण तांडेलांच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या.

आमचं काम सांगायला सोपं. उतरायला येणाऱ्या विमानाला कुठं वळायचं आणि किती उंचीपर्यंत खाली यायचं, हे आम्ही सांगायचं. समुद्राकडून येणाऱ्याला दीड हजार फुटांपर्यंत खाली आणलं तरी चालायचं, कारण तिथं खाली पाणी. पण बोरिवली आणि मुलुंडच्या मधल्या डोंगरांवरून येणाऱ्याला अडीच हजाराच्या खाली एक फूटही येऊ द्यायचं नाही, कारण तिथला माथा सोळाशे फुटांचा. त्या काळी आमच्या पडद्यावर विमान म्हणजे नुसता हिरवा ठिपका. त्याची उंची वैमानिक सांगेल तीच. ठिपका डोंगरापेक्षा वर आहे की खाली, हे ठिपक्याकडे बघून कुणाच्या बापाला कळलं नसतं.

त्या रविवारी आम्ही मुलुंड कॉलनीच्या मागून चढायला लागलो. तांडेल पन्नाशीचे, मी तेविशीचा, आणि अर्ध्या वाटेत धापा मी टाकत होतो. माथ्यावर पोचल्यावर एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला भांडुपच्या कारखान्यांची धुराडी दिसत होती. मी बसायला दगड शोधत होतो तेवढ्यात त्यांनी मला बाही धरून उभं केलं. "बसायचं नाही. आता इथं जमिनीवर हात ठेव. हे सोळाशे फूट. कागदावर वाचलंस ना? आता हाताला कळू दे." मी ओणवा होऊन हात ठेवला. दगड उन्हानं तापला होता. मला हा सगळा प्रकार जरा चक्रमपणाचा वाटला, हे कबूल करतो.

माथ्याच्या थोडं खाली आदिवासींचा पाडा होता, आठदहा घरांचा. तांडेल सरळ एका घरापुढे जाऊन उभे राहिले आणि पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढली. आतून एक म्हातारी आली. तिचं नाव सोमी. तिनं पुडीचा वास घेतला, समाधान झालं, आणि मग माझ्याकडे बघून तांडेलांना म्हणाली, "ह्यो नवा काय? ह्यो तरी वरून नेल ना इमान?" आणि दात नसलेल्या तोंडानं खदखदा हसली. मीही हसलो. तांडेल हसले नाहीत. ते अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत म्हणाले, "नेईल." उतरताना मी विचारलं, या आजीची तुमची ओळख कशी? "आहे जुनी," एवढंच उत्तर मिळालं. पुढं प्रत्येक नवा माणूस या डोंगरावर आलेला आहे आणि प्रत्येकाच्या वेळी बोंबील आलेले आहेत, हे मला इतरांकडून कळलं.

त्यांची आणखी एक सवय सगळ्या खोलीच्या थट्टेचा विषय होती. एखादं विमान त्या डोंगरांवर आलं की तांडेल डावा तळहात टेबलावर सपाट दाबून धरायचे. ठिपका पडद्यावर आखलेल्या डोंगराच्या रेघेपलीकडे जाईपर्यंत हात उचलायचे नाहीत. चहा आला तर उजव्या हातानं प्यायचे, सही उजव्या हातानं करायचे, माशी बसली तर बसू द्यायचे. कुणीतरी विचारलंच, "सर, डोंगर उडून जाईल म्हणून धरून ठेवता काय?" ते म्हणाले, "डोंगर कुठं जातोय? तो तिथंच असतो, आपण विसरतो."

वाऱ्याचं त्यांना हवामान खात्याच्या आधी कळायचं. हिवाळ्यात मुंबईवर सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, कोळी त्याला मतलई म्हणतात. तेव्हा विमानं समुद्राकडून आत येतात. दहा-अकराच्या सुमाराला वारा उलटा फिरतो, खारा वारा सुटतो, आणि मग तीच विमानं पूर्वेकडून, डोंगरांवरून वळवून, घाटकोपरच्या बाजूनं उतरवावी लागतात. तांडेल बंद खोलीत बसून सांगायचे, "अर्ध्या तासात फिरेल बघ." आणि फिरायचा. मी त्याचं कारण विचारलं तर म्हणायचे, "बापाची बोट या वाऱ्यानं बाहेर जायची आणि त्या वाऱ्यानं परत यायची. जेवणाची वेळ कोण विसरतं?"

मी हुशार होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं, आणि तिथंच सगळं बिनसलं. प्रत्येक विमानामागे आमच्यापुढे एक कागदी स्ट्रिप असायची, बोटभर रुंदीची. तिच्यावर विमानाचं नाव आणि कुठवर खाली आणायचं ती उंची. नियमानं उंची त्या त्या वेळी लिहायची. पण सकाळच्या पाळीला विमानं एकामागून एक येतात, लिहायला हात पुरत नाहीत. म्हणून मी पाळीच्या सुरुवातीलाच सगळ्या स्ट्रिपांवर उंची लिहून ठेवायला लागलो. सुरेख अक्षरात, एकाखाली एक. दीड हजार, दीड हजार, दीड हजार. त्यामुळे माझा वेग वाढला. खोलीतले जुने लोकही हे करायचे, फक्त कुणी बोलायचं नाही. तांडेलांनी ते पाहिलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

जानेवारीतला शुक्रवार होता. पुढच्या सोमवारी माझी परवान्याची परीक्षा होती. ती पास झालो की खुर्ची माझी, नापास झालो तर कुठल्यातरी लहान विमानतळावर कारकुनी. घरी वडील गिरणीच्या संपानंतर दोन वर्षं बसून होते आणि आमच्या खोलीतल्या चार तोंडांचं माझ्या नोकरीवर चालत होतं. परवाना मिळेपर्यंत मी शिकाऊ. बोलायचो मी, पण मागच्या खुर्चीत तांडेल बसायचे आणि कागदोपत्री प्रत्येक शब्द त्यांचा असायचा. शिकाऊ माणसाची चूक मागच्या खुर्चीच्या नावावर लागते, असा आमच्याकडे नियमच आहे.

सहा विमानं मी समुद्राकडून व्यवस्थित आत आणली. बाहेर धुकं आणि देवनारच्या कचऱ्याचा धूर मिसळून सगळं उपनगर करडं झालं होतं, असं वरून धावपट्टी बघणारे टॉवरवाले सांगत होते. साडेदहाला टॉवरचा फोन आला, वारा फिरला, दिशा बदला. फोन तांडेलांनी घेतला. टॉवरवाल्याला बरंच काही विचारायचं होतं, म्हणून ते खुर्ची वळवून बोलत राहिले. मी सातव्या विमानाला पूर्वेकडे वळवलं. वळवलं अगदी बरोबर. मग स्ट्रिपकडे बघितलं आणि तिच्यावर माझ्याच सुरेख अक्षरात जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. दीड हजार फुटांपर्यंत खाली या. वैमानिकानं ते तसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. मी म्हटलं, बरोबर.

ठिपका डोंगराच्या रेघेकडे सरकत होता. मला काहीही वाटलं नाही. भीती वाटली असती तर ठीक होतं. मी आठवी स्ट्रिप सरळ करत होतो.

तांडेलांनी फोन ठेवला, खुर्ची वळवली आणि ठिपका बघून सवयीनं डावा हात टेबलाकडे नेला. हात टेकायच्या आधी त्यांची नजर स्ट्रिपवर पडली. त्यांनी मला बाजूला ढकललं नाही, ओरडले नाहीत. माझ्या बोटांवरून त्यांनी मायक्रोफोनचं बटण दाबलं, इतक्या जोरानं की दुसऱ्या दिवशी माझं नख काळं पडलं होतं. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "ताबडतोब वर घ्या. अडीच हजार. आत्ता." मग, "तुमची आत्ताची उंची सांगा."

उत्तर यायला किती वेळ लागला असेल? तीन सेकंद, चार सेकंद. हेडफोनमध्ये नुसती खरखर. टेबलावर तांडेलांचा डावा हात, बोटांची टोकं पांढरी. ठिपका रेघेवर होता, बरोबर रेघेवर, आणि मला त्या तापलेल्या दगडाचा चटका तळहाताला जाणवला. खरंच जाणवला. अंगण, कोंबड्या, दात नसलेलं तोंड. मग आवाज आला, "सतराशे, वर चढतोय."

माथा सोळाशे.

विमान अडीच हजारावर गेलं, डोंगर ओलांडून घाटकोपरच्या बाजूनं वळलं आणि उतरलं. उतरताना वैमानिक नेहमीसारखं 'थँक यू, गुड डे' म्हणाला. त्याला खालचं काही दिसलंच नव्हतं. खोलीतही कुणाला कळलं नाही, जो तो आपापल्या ठिपक्यांत होता. तांडेलांनी उरलेल्या सगळ्या स्ट्रिपा माझ्यापुढून उचलल्या, कोऱ्या ठेवल्या आणि म्हणाले, "आता एकेक लिही. खाली काय आहे ते बघून लिही." बाराला पाळी संपेपर्यंत मी अकरा विमानं उतरवली आणि प्रत्येक वेळी माझा आवाज चिरकत होता.

पाळी संपल्यावर ते जिन्याकडे निघाले. त्यांच्या हातात चूक नोंदवायचा छापील कागद होता. मी धावत मागे गेलो. पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "सर, कोणालाच कळलेलं नाही. वैमानिकालाही नाही. काही झालंच नाही ना!" ते चालत राहिले. मी म्हणालो, "सोमवारी परीक्षा आहे माझी, सर. वाट लागेल. घरी वडील बसलेत." ते थांबले नाहीत तेव्हा मी शेवटचं अस्त्र काढलं. "आणि नाव तुमचं लागणार, सर. मागच्या खुर्चीत तुम्ही होता. तुमची खुर्ची जाईल."

तांडेल जिन्याच्या पायरीवर बसले. मलाही बसायला सांगितलं. "सोमीबाई मला कशी ओळखते, परब?"

"माहीत नाही, सर."

"नऊ वर्षांपूर्वी असाच वारा फिरला होता. स्ट्रिपा मी आधीच लिहून ठेवल्या होत्या. तुझ्यासारख्याच. दीड हजार. आकाश स्वच्छ होतं म्हणून वैमानिकाला डोंगर दिसला आणि त्यानं स्वतःच विमान वर उचललं. तो गप्प बसला, मी गप्प बसलो. तीन दिवस मी पेपर उघडला की आधी तीच बातमी शोधायचो. मग रविवारी डोंगर चढून गेलो. म्हटलं, बघू तरी, कुणाच्या डोक्यावरून नेलं. तर ही म्हातारी. मला सांगायला लागली, इमान एवढं खाली आलं की त्याच्या पोटाखालचे खिळे मोजता आले असते. कोंबड्या अंडी सोडून पळाल्या म्हणाली. हसत होती रे ती. मी तिला सांगितलं की ते विमान मी पाठवलं होतं. तर म्हणाली, बरं, आता परत नको पाठवू. एवढंच."

खालून कॅन्टीनच्या बश्यांचा आवाज येत होता.

"तिला सांगितलं, पण इथं नाही सांगितलं. एक ओळ लिहिली असती तर सगळ्यांना कळलं असतं, वारा फिरला की आधी लिहिलेल्या स्ट्रिपा फेकून द्यायच्या. नऊ वर्षं मी प्रत्येक पोराला डोंगर चढवतोय, बोंबील वाहतोय, टेबलावर हात ठेवतोय. ती एक ओळ तेवढी लिहिली नाही. आज तू जे केलंस ते कुणाचं, तूच सांग मला."

"पण सर, मग आजचं तेवढं लिहा. ते जुनं कशाला?"

"एकदा झालं तर म्हणतील पोरगा कच्चा होता. दोनदा झालं म्हणजे पद्धत कच्ची आहे." ते उठले आणि पँट झटकली. "मला तुझं नाव वाचवता आलं तर बघतो. माझं राहू दे."

त्यांनी दोन्ही लिहिलं, आणि दोन्ही स्वतःच्या नावावर. माझ्याबद्दल एकच वाक्य होतं, 'शिकाऊ अधिकाऱ्याने खोलीत रूढ असलेली पद्धत वापरली.' चौकशीत साहेबांनी मला बोलावलं तेव्हा स्ट्रिपा मी का लिहून ठेवल्या ते मी खरं सांगितलं. वेग दाखवायचा होता, म्हणून. माझी परीक्षा तीन महिने पुढे गेली. तांडेलांना त्या शुक्रवारच्या चुकीसाठी नुसती ताकीद मिळाली असती, पण नऊ वर्षं लपवलेलं प्रकरण साहेबांना पचलं नाही. शिकवायचा अधिकार गेला आणि रडारची खुर्चीही गेली. त्यांना खालच्या मजल्यावर हवामानाच्या सूचना नकलून काढायच्या टेबलावर बसवलं. तिथं खिडकी होती. "वारा दिसतो," ते म्हणाले. मला मात्र त्या टेबलाजवळून जाताना मान वर करता यायची नाही.

घरी मी सगळं सांगितलं तेव्हा वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्येका भेटान इलंस काय?" नव्हतो गेलो. त्याच संध्याकाळी वर्सोव्याला गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. बाजारातून नुकती आली होती, टोपली अजून दारातच होती. माझा चेहरा बघून ती म्हणाली, "काय रं, कोन मेला काय? नाय ना? मंग आत ये, जेव." आतून तांडेल म्हणाले, "त्याला कालवणातला तुकडा दे गं, डोंगर चढायचाय त्याला." पुढच्या रविवारी आम्ही दोघं पाड्यावर गेलो. या वेळी बोंबील मी नेले होते आणि सांगायचंही मलाच होतं. सोमीआजीनं ऐकून घेतलं, पुडीचा वास घेतला आणि तांडेलांना म्हणाली, "तू नीट शिकवत नाहीस वाटतं." त्या दिवशी मात्र ते हसले. आम्ही तिघंही हसलो, आणि हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते का आलं, हे मला कुणी विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर नवा नियम लागला. वारा फिरून दिशा बदलली की समोरच्या सगळ्या स्ट्रिपा काढून फाडायच्या आणि कोऱ्यांवर उंची नव्यानं लिहायची, वेळ जाईल तेवढा जाऊ दे. नियमाखाली कुणाचं नाव नव्हतं. दिवसातून एकदा त्या खोलीत कागद फाटल्याचा आवाज यायचा आणि जुने लोक कुरकुरायचे. मला परवाना मिळाला, खुर्ची मिळाली, आणि नव्या माणसांना डोंगरावर न्यायचं कामही कुणी न सांगता माझ्याकडे आलं.

तांडेल निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हारतुऱ्याच्या आधी एकच मागणी केली, दहा मिनिटं मागच्या खुर्चीत बसू द्या. हेडफोन नको म्हणाले. चार वर्षांनी ते त्या खोलीत आले होते आणि बाह्या अजून कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मी पुढं बसलो होतो. वाऱ्याची वेळ त्यांनी बरोबर साधली होती. टॉवरचा फोन आला, मी स्ट्रिपा फाडल्या, नव्या लिहिल्या, आणि उत्तरेकडून आलेल्या विमानाला पूर्वेला वळवून अडीच हजार फूट सांगितले. ठिपका डोंगराच्या रेघेवर आला.

मला मागे बघायचा मोह आवरेना. त्यांचा डावा हात टेबलावर असणार, अशी माझी खात्री होती. मी वळून पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, पेन्सिली खिशात, चष्मा कपाळावर. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते टेबलाकडे बघत होते.

"उचलू नकोस एवढ्यात," तांडेल म्हणाले. "अजून पुढे गेलं नाही ते."

मी खाली पाहिलं. टेबलावर हात होता, सपाट, घट्ट दाबलेला. माझा.